रोजेचा थिसॉरस : मागच्या दाराने शिरा

रोजेचा थिसॉरस, म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांचा विषयवार लावलेला कोश, विकत घेणाऱ्या बहुतेकांची एकच तक्रार असते, की यात शब्दच सापडत नाही. डिक्शनरीसारखं एबीसीडी धरून उघडायला जावं, तर पहिलं प्रकरण निघतं ‘एक्झिस्टन्स’, म्हणजे अस्तित्व, आणि शेवटचं ‘टेंपल’, म्हणजे देऊळ. मधे काय, तर काळ, गती, उष्णता, बुद्धी, इच्छा, मालमत्ता, लग्न, कायदा. एखाद्या तत्त्वज्ञाने ग्रंथ लिहायला घ्यावा आणि वाक्यं लिहायचीच विसरावीत, असा सगळा थाट. मग माणूस ते मिटतो, कपाटात टाकतो आणि मोबाईलवर शब्द टाकून पहिला दिसेल तो पर्याय उचलतो. माझं म्हणणं असं, की ते कपाटातून काढा आणि मागच्या दाराने आत शिरा. या पुस्तकाचा जीव शेवटच्या, एबीसीडी क्रमाने लावलेल्या सूचीत आहे, आणि ती सूची जवळपास अर्धं पुस्तक व्यापून बसलेली आहे ती उगाच नाही.

मी पुण्यात कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. खालच्या कोर्टांत कैफियत, साक्ष, उलटतपासणी हे बरंच मराठीत चालतं. प्रकरण अपिलात उच्च न्यायालयाकडे निघालं, की वकिलांना तोच सगळा गठ्ठा इंग्रजीत हवा असतो, आणि तोही परवा. म्हणजे माझा उलटा प्रवास असतो, मराठीतून इंग्रजीकडे. इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मला फारसा पडत नाही. पडतो तो असा, की हे जे साक्षीदाराने म्हटलंय, त्यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत आणि त्यातला इथला कोणता. हे परीक्षण त्याच गरजेतून आलेलं आहे. कविता लिहिणाऱ्याला किंवा शब्दकोडी सोडवणाऱ्याला या पुस्तकाचं वेगळं काही वाटेल.

माझी प्रत लाँगमनची, रॉबर्ट डच यांनी १९६२ साली सुधारलेली. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतली, तेव्हाच तिचा पुठ्ठा सुटलेला होता. अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरने कापडी कणा लावून दिला, तो अजून धरून आहे. अक्षर बारीक, दोन रकाने, कागद पिवळा. चाळिशी लागलेल्यांनी चष्म्याशिवाय हात लावू नये.

आता एकच शब्द घेते, म्हणजे पुस्तक कसं चालतं ते कळेल. शब्द आहे ‘केस’. आमच्याकडच्या साक्षींमध्ये याच्याइतका राबणारा इंग्रजी शब्द दुसरा नसेल. ‘त्याने माझ्यावर केस केली.’ ‘केस सिव्हिलला नेली तेव्हा शुद्धीवर नव्हती.’ ‘मी केसपेपर काढला.’ ‘त्याने शोकेसची काच फोडली.’ ‘माझ्या केसमध्ये तडजोड झाली.’ हे सगळं एकाच बाईच्या एकाच जबानीत येऊ शकतं, आणि नणंदेने ओढले ते केस आणखी वेगळे. मराठीत आपण हा शब्द इतका घरचा करून टाकलाय की तो बोलताना कुणाला आपण इंग्रजी बोलतोय असं वाटत नाही. अडचण इंग्रजीत परत जाताना येते, कारण मराठी ‘केस’ आणि इंग्रजी ‘केस’ यांची हद्द सारखी नाही. दवाखान्यातली केस तिथेही थोडीफार चालते, पण ‘केस केली’ हे जसंच्या तसं गेलं तर न्यायमूर्तींना कळायचं काय? पोलिसात तक्रार दिली? गुन्हा नोंदला गेला? दिवाणी दावा लावला? की महिला कक्षात अर्ज टाकला?

रोजेच्या सूचीत ‘केस’ काढलं की त्याच्याखाली लगेच समानार्थी शब्द मिळत नाहीत. मिळतात ते सूचक शब्द आणि आकडे. स्थिती, ७. पेटी, १९४. आजारी माणूस, ६५१. कोर्टकज्जा, ९५९. असे आणखीही. म्हणजे पुस्तक आधी तुम्हालाच विचारतं, की बाई, यातली कुठली केस म्हणताय? एकदा ते ठरलं की त्या आकड्याच्या प्रकरणावर जायचं आणि तिथे मग शब्दांचा ढीग पडलेला असतो. आधी अर्थ वेगळे करायचे आणि मग पर्याय बघायचे, हा तो क्रम. हा क्रम पाळायला लावणारं दुसरं साधन मला इतक्या वर्षांत मिळालेलं नाही.

१९४ वर जा. हे प्रकरण ‘रिसेप्टकल’चं, म्हणजे ज्यात काही ठेवता येतं त्या सगळ्याचं. मला हे पान फार आवडतं, काम नसतानाही मी ते वाचते. पेटी, संदूक, तिजोरी, चहाचा डबा, खोका, आणि त्याच ओळींमध्ये शवपेटी. पुढे ‘केस’चा स्वतंत्र परिच्छेद आहे, त्यात पैशांचं पाकीट येतं, कागद न्यायची ॲटॅची येते, दप्तर येतं, आणि मधेच ‘हाउसवाइफ’. छपाईची चूक नाही ही. सुया, दोरा, बटणं ठेवायच्या छोट्या गुंडाळीला इंग्रजीत हाउसवाइफ म्हणत. सैनिकांच्या सामानातसुद्धा ती असे. पाकीट आणि पोर्टफोलिओ यांच्यामध्ये गृहिणी बसवणारं पुस्तक वाचताना हसू येतंच, पण त्याच हसण्यातून लक्षात येतं, की शब्द कसा दिसतो याला इथे काही किंमत नाही, तो त्या क्षणी काय काम करतो एवढंच बघितलंय.

कोशकार याच शब्दाचं वेगळं करतात. मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत ‘केस’ दोनदा येतो, दोन स्वतंत्र शब्द म्हणून. कोर्टातली, दवाखान्यातली, व्याकरणातली केस लॅटिन ‘कासुस’पासून आली, त्याचा मूळ अर्थ पडणं, घडणं. पेटीवाली केस लॅटिन ‘काप्सा’पासून, म्हणजे डबा. आणि कॉम्प्युटरवर आपण ज्याला अप्पर केस, लोअर केस म्हणतो ती डब्याच्या घराण्यातली, कारण छापखान्यात कॅपिटल अक्षरांचे खिळे वरच्या खणांच्या पेटीत असत आणि बाकीचे खालच्या. रोजेला या घराण्यांशी देणंघेणं नाही. त्याच्या सूचीत दोन्ही केस एकाखाली एक उभ्या. माझ्यासारखीला हेच सोयीचं, कारण साक्षीदार काही व्युत्पत्ती पाहून बोलत नाही.

खरी परीक्षा ९५९ वर. ‘लिटिगेशन’. इथे खटला, दावा, कारवाई, फिर्याद यांना लागणारे इंग्रजी शब्द सूट, लॉसूट, केस, कॉज, ॲक्शन, प्रॉसिक्यूशन असे एका दमात येतात. मागेपुढे नजर टाकली की शेजारीपाजारीही दिसतात: आधी न्यायालय, न्यायाधीश, वकील, नंतर ९६० वर सुटका आणि ९६१ वर दोषी ठरणं. थोडं मागे ९२८ वर आरोप. ‘केस केली’ या दोन शब्दांमागे नक्की काय झालंय याचा विचार करताना ही शेजारची पानं चाळणं हा खरा फायदा आहे. आरोप कुठे संपतो, दावा कुठे सुरू होतो, ते पानांच्या क्रमातच मांडलेलं आहे. एकदा एका जमिनीच्या प्रकरणात ‘भावाने केस केली’ होतं, वकिलांच्या कारकुनाने पेन्सिलीने बाजूला ‘सूट’ लिहून ठेवलेलं. निशाणी, म्हणजे कोर्टाने क्रमांक दिलेला मूळ कागद, काढून पाहिली तर तो तहसीलदाराकडचा फेरफाराला हरकतीचा अर्ज होता. सूट नव्हे, ॲक्शन नव्हे, ‘ऑब्जेक्शन’. ९५९ ची यादी समोर असल्यामुळे यातलं कुठलंच बसत नाही हे आधी कळलं, मग कागद शोधला.

पण इथेच पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोषही आहे, आणि तो लपवून मी शिफारस करणार नाही. रोजे शब्दांमधला फरक सांगत नाही. एक अक्षर सांगत नाही. सूट, ॲक्शन, कॉज, प्रॉसिक्यूशन हे त्याच्या यादीत अर्धविराम आणि स्वल्पविरामांनी वेगळे केलेले सख्खे भाऊ दिसतात. दिवाणीला प्रॉसिक्यूशन म्हणालात तर समोरचा वकील तुमच्या भाषांतराच्याच चिंधड्या उडवेल. मराठीत आपण दिवाणीला दावा म्हणतो आणि फौजदारीला खटला, वादी-प्रतिवादी वेगळे आणि फिर्यादी-आरोपी वेगळे. ही शिस्त आपल्या शिरस्तेदारालाही तोंडपाठ असते. रोजेच्या पानावर ती दिसत नाही. त्याने प्रस्तावनेत हे सरळ सांगूनही टाकलंय, की जवळच्या शब्दांमधले बारीक भेद हा वेगळा विषय, त्यात मी शिरत नाही. प्रामाणिक आहे, पण ज्याला इंग्रजी अर्धंच येतं त्याच्या हातात हे पुस्तक धोक्याचं. मोठे शब्द गोळा करायची चटक लागलेल्या बारावीच्या मुलाला तर देऊच नका.

म्हणून ते एकटं वापरायचं नाही. कायद्याच्या शब्दांसाठी शेजारी ब्लॅकची लॉ डिक्शनरी, मराठी बाजूला भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश, आणि साध्या शब्दांतले बारकावे हवेत तर वेबस्टरची समानार्थी शब्दांची डिक्शनरी. ही शेवटची १९४२ पासूनची आहे आणि ती रोजेने सोडलेलं नेमकं काम करते: चार शब्द घेऊन कोणता कुठे, ते वाक्यांत वापरून दाखवते. तिच्यात शब्द कमी, समजावणं जास्त.

‘केसपेपर’ला मात्र कुणीच वाचवलं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात खिडकीवर मिळणारा तो कागद, नाव, वय, गाव, आणि डॉक्टरांचं न वाचता येणारं अक्षर. रोजेचं ५४८, ‘रेकॉर्ड’, उघडलं तर फाइल, रजिस्टर, डॉसिअर वगैरे बरंच मिळतं, पण आपला केसपेपर त्यातला कुठलाच नाही. शेवटी ‘आउटपेशंट रेकॉर्ड’ लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्द लिपी बदलून ठेवते. काही वकील ‘केस पेपर’ असंच जाऊ देतात. मुंबईतल्या न्यायमूर्तींना ते कळतंही. दिल्लीला गेलं की प्रश्न येतो.

आता या रोजेबद्दल थोडं, कारण पुस्तक असं का झालं ते त्यातून कळतं. पीटर मार्क रोजे हा कोशकार नव्हता, डॉक्टर होता. १७७९ मध्ये लंडनला जन्म, वडील जिनिव्हाकडचे, म्हणून आडनावाचा उच्चार फ्रेंच. आपल्याकडचे दुकानदार ‘रॉजेट’ म्हणतात, तसंच मागा नाहीतर मिळणार नाही. एकोणिसाव्या वर्षी एडिंबराहून डॉक्टरकीची पदवी, पुढे रॉयल सोसायटीचा, म्हणजे लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा, वीसेक वर्षं सचिव. शरीरशास्त्रावर लिहिलं, गणितासाठी नवी स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकपट्टी, काढली. शब्दांची पहिली वही त्याने १८०५ मध्ये स्वतःपुरती केली होती. ती पुस्तक म्हणून १८५२ मध्ये आली तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. प्राण्यांचं, वनस्पतींचं वर्गीकरण शास्त्रज्ञ करत होते, तसंच त्याने कल्पनांचं केलं: सहा मोठे वर्ग, त्यांचे पोटभाग, आणि नेमकी एक हजार प्रकरणं. विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या रकान्यांत. डच यांनी सुधारताना ती ९९० वर आणली. पुढे मुलाने, मग नातवाने हे काम सांभाळलं. आडनावाचा धंदा झाला म्हणा.

माझ्या प्रतीत त्याची मूळ प्रस्तावनाही छापलेली आहे, आणि तिच्यातली एक तळटीप मराठी वाचकाने जरूर वाचावी. आपल्याआधी कल्पनांच्या क्रमाने शब्द मांडायचा प्रयत्न कुणी केला, हे सांगताना तो सगळ्यात आधी अमरकोशाचं, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशाचं, नाव घेतो. कोलब्रुकने केलेलं इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूरला, बंगालमधल्या, छापलं गेलं होतं, ते त्याने पाहिलेलं. आणि पुढे लगेच नाक मुरडतो: वर्गीकरण फारच अपुरं आणि गोंधळलेलं, विशेषतः अमूर्त कल्पनांचं. पहिल्याच भागात स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वायू, वेग, ‘पुष्कळ’ असं सगळं एकत्र, म्हणून त्याची तक्रार. समुद्र, पृथ्वी, नगरं, वनस्पती, प्राणी या भागांचं मात्र कौतुक करतो, इतक्या जुन्या काळी एवढं विश्लेषण म्हणून.

यावर मला थोडं भांडायचंय. आमच्या आजोबांच्या पिढीने अमरकोश पाठ केला तो वर्गीकरण शिकायला नव्हे, तोंडात राहावा म्हणून. ‘स्वरव्ययं स्वर्गनाकत्रिदिवत्रिदशालयाः’ हे एकदा बसलं की स्वर्गाची नावं आयुष्यभर जात नाहीत; सूची उघडायची गरजच नाही, सूची डोक्यात. छंदाला जागा द्यायची म्हटल्यावर वायूच्या शेजारी वेग येणारच. आणि रोजेच्या त्या टिपेत अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातल्या नानार्थवर्गाचा उल्लेखही नाही. तिथे उलटा व्यवहार आहे: एक शब्द आणि त्याचे अनेक अर्थ. ‘हरि’ घ्या. यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक, आणि वर पिंगट रंग. सगळं एका श्लोकात. हे शब्द तिथे शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावलेत, क शेवटी असलेले आधी, असं करत. हरि ‘र’मध्ये सापडतो. म्हणजे आधीच्या वर्गांमध्ये पर्याय आणि शेवटाकडे नानार्थ, अशी दोन्ही दारं अमरसिंहाने ठेवली होती. रोजेने ज्याला नाक मुरडलं त्याच घराचा आराखडा त्याच्या सूचीत येऊन बसलाय, फरक एवढाच की त्याला आकडे छापता येत होते.

मोबाईलवरच्या फुकट पर्यायांबद्दल विचाराल, तर बहुतेक समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये अर्थांची सरमिसळ असते. ‘केस’ टाका, वरच्या ओळीत उदाहरण, प्रसंग, परिस्थिती आणि त्याच्यातच डबा. चांगल्या असतील त्या अर्थानुसार टॅब करतात, पण लोक पहिल्या टॅबच्या पुढे जात नाहीत. याला अपवाद वर्डनेटचा. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात सुरू झालेलं हे काम, फुकट आहे आणि चोख आहे. त्यात शब्द नव्हे, एकाच अर्थाच्या शब्दांचा गट हे एकक. आणि प्रत्येक गटाला एका ओळीची व्याख्या. ‘केस’चे डझनाहून जास्त अर्थ त्यात वेगवेगळे सुटतात, खोळ आणि खटला एकमेकांत मिसळत नाहीत. मुंबईच्या आयआयटीने मराठीचंही वर्डनेट केलेलं आहे, आणि मराठीतून सुरुवात करणाऱ्याला ते फार उपयोगी. दिसायला रुक्ष, पण माझ्या कामात रोजेच्या खालोखाल तेच. रोजेला ते मागे का टाकत नाही? कारण तिथे मी विचारलेलं तेवढंच मिळतं. ९५९ उघडताना ९६० दिसतं, तसं तिथे दिसत नाही.

घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी पाहून घ्या. नुसतं ‘रॉजेट’ नाव बघून पैसे टाकू नका. हे नाव आता कुणीही वापरतं, आणि त्या नावाची कित्येक पुस्तकं चक्क एबीसीडी क्रमाने लावलेली याद्यांची पुस्तकं आहेत. दुकानात उभ्या उभ्या पहिलं पान उघडा: ‘एक्झिस्टन्स’ने सुरुवात असेल आणि मागे जाडजूड सूची असेल तर तो खरा घराण्यातला. अमेरिकन ‘इंटरनॅशनल’ आवृत्तीचं वर्गीकरण वेगळं आहे, पण तीही विषयवार आणि सूचीसकट आहे, ती चालेल. नव्या आवृत्त्यांमध्ये कॉम्प्युटर, मोबाईल, इंटरनेटचे शब्द आहेत, माझ्या १९६२ च्या प्रतीत ते अर्थातच नाहीत. सायबर गुन्ह्यांचे कागद करणाऱ्याने जुनी घेऊन उपयोग नाही. नुसतं चव घ्यायची असेल तर १९११ ची आवृत्ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिचे आकडे माझ्या प्रतीशी जुळत नाहीत: कोर्टकज्जा तिथे ९६९ आणि पेटी १९१. दोन आवृत्त्या एकाच टेबलावर ठेवून काम करू नका, डोकं फिरतं.

वकिलीच्या विद्यार्थ्यांना मी हे पुस्तक तिसऱ्या वर्षाच्या आधी सुचवत नाही. भाषांतरकारांना लगेच. शाळेतल्या मुलांसाठी छोट्या आवृत्त्या मिळतात, त्यात सूची कापलेली असेल तर परत करा. आणि हार्डबाउंड मिळत असेल तर पेपरबॅक घेऊ नका; मागचा भाग पुढच्यापेक्षा दुप्पट उघडला जातो, पेपरबॅकचा कणा तिथेच फाटतो.